एका सहीसाठी खाडा

भाऊंना सही करायला वेळ लागायचा. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गिरणीच्या मशीनने तरुणपणीच नेली होती. उरलेल्या बोटांत पेन अडकवून ते एकेक अक्षर कागदावर असं ठेवत, की बघणाऱ्याचा जीव जावा. मी घाई केली की म्हणत, "थांबा ना बाई. खासदार व्हायले पन्नास वर्षं लागली, सहीले दोन मिनिटं तं लागू द्या."

मी त्यांची टायपिस्ट होते. वर्ध्याला कचेरी रोडवर माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. सहा मराठी मशीन, दोन इंग्रजी, आणि सरकारी परीक्षेला बसणाऱ्या मुलींचा दिवसभर खडखडाट. माझे बाबा कचेरीतून रिटायर झालेले कारकून. गिरणी कामगार म्हणजे गेटवर घोषणा देणारी, रस्ता अडवणारी माणसं, एवढंच आमच्या घरात ठाऊक. नव्वदच्या दशकात असा एक माणूस आमच्या जिल्ह्यातून दिल्लीला निवडून गेला, तेव्हा बाबांनी पेपरची घडी घालून ठेवली आणि म्हणाले, "आता हेच बाकी होतं."

खरं तर तिकीट देणाऱ्यांनाही ते निवडून यायला नको होते. जागा पडणारी आहे, मोठ्या माणसाने कशाला पडायचं, म्हणून गिरणीतला एक पुढारी उभा करून दिला. त्या वर्षी बाकीचे दोन तालेवार एकमेकांचे पाय ओढण्यात इतके दंग झाले, की मधून हा माणूस निघून गेला. निकालाच्या दिवशी सकाळी ते कामावर होते, असं लोक सांगत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मंग काय करू? निकाल लागाचा तवा लागन. खाडा काऊन पाडू?"

खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस. त्या दिवसाचा पगार कापला जातो. भाऊंचं सगळं राजकारण या एका शब्दात मावत होतं. कोणी काहीही मागायला आलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "आज खाडा पाडून आले काय?" आणि समोरचा हो म्हणाला की त्यांचा चेहरा उतरायचा. आपल्यामुळे एका माणसाची मजुरी बुडाली, हे त्यांना खरोखर लागायचं. मला आधी ते नाटक वाटलं. पुढाऱ्यांची नाटकं मी पुष्कळ टाइप केली होती.

त्या काळात खासदाराच्या पत्राला फार किंमत. गॅसचं कनेक्शन, टेलिफोन, रेल्वेचं रिझर्वेशन, मोठ्या दवाखान्यातली सवलत, सगळ्याला वर तीन सिंह छापलेला कागद आणि खाली सही लागायची. लोक आर्वीकडून पहिल्या एसटीने यायचे, आणि भाऊ दिल्लीला असायचे. मग मी त्यांना आल्या पावली परत पाठवायची. एक बाई अशी तीनदा परत गेली. पोराला मुंबईच्या दवाखान्यात न्यायचं होतं, आणि दिवस कापूस वेचणीचे. भाऊ आले तेव्हा मी हे सहज सांगितलं. त्यांनी चहाची कपबशी अर्धी तशीच खाली ठेवली.

पुढच्या वेळी दिल्लीला निघण्याआधी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि कोऱ्या लेटरहेडांचा गठ्ठा पुढे ओढून एकेका कागदावर खाली सही करायला लागले. दुपार गेली त्यात. मी म्हटलं, "भाऊ, कोऱ्या कागदावर सही करू नये. आमचे बाबा म्हणतात, कारकुनाचा पहिला धडा तोच."

"तुमच्या बाबाचा धडा कारकुनाचा हाय," ते मान वर न करता म्हणाले. "एका सहीसाठी माणसाचा खाडा नाई व्हाले पाह्यजे. कोणी आलं तं मजकूर तुम्ही लिहा, देऊन टाका."

गठ्ठा माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवताना ते एवढंच म्हणाले, "एक आयका बाई. गिरणीचं काई असलं, तं मी आल्याबिगर नाई. बाकी तुम्ही समजदार आहा."

तो रिवाज दोन वर्षं चालला. दर वेळी निघताना गठ्ठा, आणि मी मजकूर भरणार. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा वाटायची. खेड्यातून आलेली माणसं माझ्यासमोर हात जोडून उभी राहायची, आणि मी कागद मशीनवर चढवून त्यांची कामं करायची. नागपूरच्या अधिकाऱ्यांना मी भाऊंच्या नावाने असं काही मराठी लिहायची, की भाऊ परत आल्यावर वाचून म्हणत, "हे मी म्हणलो? बरं म्हणलो बाप्पा."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती एक यादी पोचवायला. गिरणीचं गाव वर्ध्याहून एसटीने तासाभरावर. खासदार झाल्यावरही ते गिरणीच्या चाळीतल्या त्याच दोन खोल्यांत राहत. नवा होता तो फक्त फोन, आणि तोही सगळ्या चाळीचाच. कोणाचाही फोन आला की भाऊंच्या बायको, आमच्या वहिनी, दारात उभ्या राहून नाव घेऊन हाक मारायच्या. त्या एकदाच दिल्लीला गेल्या होत्या आणि आठव्या दिवशी परत आल्या. तिथल्या बंगलीत जिल्ह्यातले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक भरलेले, आणि भाऊ स्वतः व्हरांड्यात सतरंजी टाकून. "खासदार हायत का धर्मशाळेचे वॉचमन, तेच समजत नाई," वहिनी मला म्हणाल्या, पण त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

मला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाऊंच्या ताटात भाकर वाढताना त्यांनी विचारलं, "आज किती?" भाऊ म्हणाले, "सात." आज किती लोकांची कामं केली, हे रोज ताट वाढताना विचारायचं, अशी त्या घराची रीत होती. कमी असली की वहिनी म्हणायच्या, "मंग अर्धीच भाकर भेटन." आणि दोघंही हसायचे. माझ्या आईबाबांना एकमेकांशी असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

गिरणी तेव्हा बसत चालली होती. आधी तिसरी पाळी बंद झाली, मग दुसरी. मालक रातोरात मशीन हलवतील आणि मग हातात टाळं उरेल, अशी कामगारांना धास्ती. म्हणून त्यांनी गेटवर आळीपाळीने बसायला सुरुवात केली. मशीन आत आहे तोवर गिरणी जिवंत आहे, हा त्यांचा हिशेब, आणि तो चूक नव्हता. भाऊंनी गेटवर उभं राहून सांगितलं होतं, माझ्या सहीच्या पत्राशिवाय एक नट बाहेर जाऊ द्यायचा नाही. मग ते अधिवेशनाला गेले. निघण्याआधी नेहमीप्रमाणे माझ्याकडे गठ्ठा ठेवून गेले.

आठवड्याने गिरणीचा मॅनेजर माझ्याकडे आला. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, आणि बोलणं आमच्या घरच्यासारखं. मुलींच्या स्टुलावर रुमालाने न पुसता बसला. "मॅडम," तो म्हणाला. मला तोवर कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. कामगार बाई म्हणायचे, मुली टीचर म्हणायच्या.

त्याने समजावून सांगितलं. गिरणी घ्यायला एक नवी पार्टी तयार आहे. अट एवढीच, की जुनी मशीन आधी दुरुस्त झाली पाहिजेत. दुरुस्ती नागपूरला, दोन महिन्यांत सगळी परत, आणि तिन्ही पाळ्या सुरू. ट्रक उभे आहेत, पण गेटवरची माणसं भाऊंचं पत्र मागतात. "त्यांचंही बरोबर आहे," तो म्हणाला. "पण भाऊ येईपर्यंत थांबलो तर पार्टी हातची जाईल. मॅडम, तुम्हाला काय सांगायचं, एकेक दिवस म्हणजे एवढ्या सगळ्या माणसांचा खाडा आहे."

तो शब्द त्याने कुठून उचलला होता, कोण जाणे. मला मात्र वाटलं, हा माणूस भाऊंच्याच मनातलं बोलतो आहे.

मी दिल्लीला फोन लावला. कोणीतरी उचलला. "भाऊ सभेत गेलते सकाळीच. मी डोळ्याच्या आपरेशनसाठी आलो जी, मले काई मालूम नाई." मी फोन ठेवला. पुन्हा लावता आला असता. संध्याकाळपर्यंत थांबता आलं असतं. मॅनेजर समोर बसला होता, घड्याळाकडे बघतही नव्हता, आणि मला त्याच्यासमोर असं दाखवायचं नव्हतं, की मी नुसती टायपिस्ट आहे, मला विचारावं लागतं.

ड्रॉवरमधून एक कागद काढला. मजकूर त्याने लिहून आणला होता. त्यातली दोन वाक्यं मी सुधारली. एकही चूक न होता पत्र उतरलं. तो उठताना म्हणाला, "भाऊंकडे तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं आहे." मला कोणी एक पैसा दिला नाही. दिला असता तर निदान स्वतःला ओळखणं सोपं गेलं असतं.

गेटवरच्या माणसांनी पत्र पाहिलं, तीन सिंह पाहिले, भाऊंची ती वाकडी सही पाहिली आणि ती बाजूला झाली. एवढंच नाही. मशीनला ओरखडा पडू नये म्हणून त्यांनी खाली पोती अंथरली, आपल्या हातांनी मशीन ट्रकवर चढवली, आणि पहिल्या ट्रकपुढे कोणीतरी नारळ फोडला. तीन दिवस ट्रक जात होते. त्यानंतरच्या आठवड्यात गेटवर गिरणी बंद केल्याची नोटीस लागली. मॅनेजर गाव सोडून गेला होता. मशीन कुठे मोडीत गेली ते पुढे कोणालाच कळलं नाही.

भाऊ आले. गेटसमोर सभा होती, भर दुपारी. मी गेले. एसटीत बसताना माझं ठरलं होतं, की उठून सांगायचं. बाबांनी निघताना एवढंच म्हटलं होतं, "तू त्यात पडू नकोस. ती माणसं तुझी इन्स्टिट्यूट फोडतील." मी बायकांमध्ये मागे बसले.

गिरणीत पंचवीस वर्षं काढलेला एक कामगार पुढे आला. त्याच्या हातात ते पत्र होतं. तो ओरडला नाही. "भाऊ, हे सही तुमची हाय काय?"

भाऊंनी कागद हातात घेतला. चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. वाचायला त्यांना सहीइतकाच वेळ लागायचा. मग त्यांनी मान वर केली आणि बायकांच्या बाजूला बघितलं. फार वेळ नाही. मी माझ्या चपलांकडे बघत होते.

"सही माझीच हाय," ते म्हणाले.

मागून कोणीतरी विचारलं, "किती भेटले?" मग सगळेच विचारायला लागले. भाऊ उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. कोणी दगड मारला नाही. माणसं उठून जायला लागली, आणि थोड्या वेळाने ते आणि वहिनी तेवढे गेटसमोर उरले. मी वर्ध्याची एसटी पकडली.

चार दिवसांनी ते इन्स्टिट्यूटमध्ये आले. "कोरे उरले असतील ते द्या," म्हणाले. मी गठ्ठा दिला. त्यांनी एकेक कागद फाडला, तुकडे खिशात घातले आणि गेले. मला काही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे त्यांना माहीत नाही, मॅनेजरने सहीचा कोरा कागद कुठूनतरी मिळवला असं त्यांना वाटत असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली. कोऱ्या सह्या माझ्याखेरीज कोणाकडेच नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. तरी ती समजूत मला कितीतरी वर्षं पुरली.

पुढच्या निवडणुकीत त्यांना कोणी तिकीट दिलं नाही. स्वतःच्या जिवावर उभे राहिले, आणि चाळीतल्या बूथवरही त्यांना मतं पडली नाहीत. तिकडून वर्ध्याला येणारे लोक सांगायचे, भाऊ चाळीतच राहतात, पण त्यांच्याशी कोणी बोलत नाही. वहिनींना नळावर बायका रांगेत मागे ढकलतात. गिरणीतली माणसं कोणी हमाली करायला लागली, कोणी नागपूरला वॉचमन झाली, दोघांतिघांनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं. ती बातमी आली की मी त्या दिवशी मुलींवर उगाच ओरडायची.

एकदा, दोन हजार साल उलटून गेल्यावर, मी चाळीत गेले. सांगायलाच गेले होते. भाऊ जेवत होते. वहिनींनी भाकर वाढली आणि नेहमीसारखं विचारलं, "किती?" भाऊ काही बोलले नाहीत. वहिनी पाठ फिरवून आत गेल्या. मला वाटलं, जुनी सवय आहे, आता सांगण्यासारखं काही नाही म्हणून गप्प आहेत. मी इकडचं तिकडचं बोलले आणि निघून आले.

मग त्यांचं दुखणं निघालं. सावंगीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तोवर माझी मशीन भंगारात गेली होती आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले होते. मी दुपारी भेटायला गेले. वहिनी खाली चहा आणायला गेल्या होत्या. जनरल वॉर्डातल्या शेवटच्या खाटेवर भाऊ एवढेसे होऊन पडले होते. नर्स ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म घेऊन आली आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, यांची सही घेऊन ठेवा. मी पेन उघडून त्यांच्या बोटांत द्यायला लागले.

भाऊ म्हणाले, "पयले वाचून दाखवा, बाई."

मी वाचलं. सगळं वाचलं, खालच्या बारीक ओळीसुद्धा. ते डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "मी वाट पाह्यली त्या दिवशी."

कोणत्या दिवशी, हे मी विचारलं नाही. "कशाची, भाऊ?"

"तुम्ही उठान म्हणून."

मी म्हटलं, "तुम्ही का नाही सांगितलं?"

"काय सांगू? खासदार कोऱ्या कागदावर सही करते, म्हणून?" बोलताना त्यांना धाप लागत होती. "सही तं माझीच होती. तुमचं तुम्ही सांगाले पाह्यजे होतं."

वहिनी चहा घेऊन आल्या. भाऊंनी पेन घेतलं आणि सही करायला लागले. त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मी मधे बोलले नाही, आणि नंतरही बोलले नाही. त्यानंतर आठ दिवसांनी ते गेले.

तेरवीला मी गेले. मंडप मोठा घातला होता, पण चाळीतून कोणी आलं नव्हतं. नातेवाईक होते, आणि आर्वीकडची ती पोराच्या दवाखान्यासाठी तीनदा परत गेलेली बाई आली होती. सोबत तिचा पोरगा होता, बऱ्यापैकी उंच झालेला. पंगत उठल्यावर मी आत गेले. वहिनी एकट्याच ओट्यापाशी भांड्यांवर झाकणं ठेवत होत्या. मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. गठ्ठा, ड्रॉवर, मॅनेजर, फोन, सुधारलेली दोन वाक्यं, सभा, चपला. दवाखान्यात भाऊ काय म्हणाले तेही सांगितलं. मला वाटत होतं, निदान वहिनींना माहीत असेल. भाऊंनी घरात तरी सांगितलं असेल.

त्यांना काहीच माहीत नव्हतं.

त्यांनी हातातलं झाकण जमिनीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "ताट वाढताना मी त्यायले रोज इचारत होती. किती भेटले म्हणून. आठ वर्षं. एक दिवस खाडा नाई पाडला."

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो हळूच काढून घेतला.

"आता काऊन सांगून राह्यल्या, बाई?" त्या म्हणाल्या. "ते होते तवा सांगाचं होतं ना."